हवा ठीक

१

लातूरच्या एमआयडीसीत, मागच्या रस्त्याला, दोन डाळमिलच्या मध्ये आमचा गाळा आहे. पुढच्या भागात सामान, मागच्या भागात माझी खाट, एक शेगडी आणि मोरी. सकाळी आठला दोन्ही बाजूंच्या मिल सुरू होतात आणि संध्याकाळपर्यंत भिंती थरथरत राहतात. तुरीचा बारीक भुसा शटरच्या फटीतून आत येतो आणि सगळ्यावर बसतो. त्यामुळे सकाळचं पहिलं काम पुसणं आणि दुसरं तपासणी.

मी पाणबुड्या आहे, नांदेडच्या एका ठेकेदाराकडे कामाला. धरणाच्या दारांची गळती बघायची, गावांना पाणी देणाऱ्या जॅकवेलच्या जाळ्या साफ करायच्या, कुणी बुडालं तर पोलिसांनी बोलावल्यावर शोधायला उतरायचं. सात वर्षं हे काम आम्ही दोघांनी केलं. मी आणि मल्लेश. मल्लेश उदगीरचा. अंगानं दांडगा, बोलायला संथ, आणि पाण्याखाली त्याहून संथ. जो सिलिंडर मला पाऊण तास पुरायचा तो त्याला सव्वा तास जायचा. चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, दोन आकडे थांबायचा, सहा आकडे मोजत सोडायचा. शेजारी झोपला तरी त्याचं तेच चालू असायचं.

उतरण्याआधी एकानं दुसऱ्याला तपासायचं हा नियम. पाच जागा. सिलिंडर अडकवायचं जाकीट, शिशाचा पट्टा, बकलं, हवा, आणि शेवटी मास्क. प्रत्येक जागी हात लावायचा आणि मोठ्यानं सांगायचं, जाकीट ठीक, पट्टा ठीक. मल्लेश काम नसलं तरी रोज सकाळी हे करायला लावायचा. मी कंटाळलो की म्हणायचा, "नुसतं बघू नको अकरमभाई, हात लाव."

ऑक्टोबरपासून मी एकटा आहे. सवय मात्र सुटली नाही. खुंटीवरचं जाकीट अंगात घालतो, स्वतःच्याच अंगाला हात लावतो आणि स्वतःलाच सांगतो, ठीक. मिलच्या आवाजात ते मला ऐकूही येत नाही.

घर नांदेडला, देगलूर नाक्याला. हुसेनबी, माझी बायको, आणि अर्शिया, माझी मुलगी. आधी दर पंधरा दिवसांनी जायचो. ऑक्टोबरनंतर दोनदा गेलो. हुसेनबीनं दोन्ही वेळा विचारलं, तुम्ही झोपेत मोजता काय. मग जाणं कमी केलं.

२

मार्चच्या शेवटी एका सकाळी पुसता पुसता माझं लक्ष गेजकडे गेलं. काटा एकशेनव्वदवर होता.

ज्यांना हे सामान माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिलिंडरच्या डोक्यावर व्हॉल्व्ह असतो. त्याला नळ्या जोडलेल्या. एका नळीच्या टोकाला तोंडात धरायचं रेग्युलेटर, दुसरीच्या टोकाला गेज, म्हणजे आत किती हवा आहे ते दाखवणारा काटा. मी नळ्या जोडूनच ठेवतो, पण व्हॉल्व्ह बंद करतो आणि नळीतली हवा सोडून देतो. म्हणजे काटा शून्यावर पाहिजे. एकशेनव्वद याचा अर्थ व्हॉल्व्ह उघडा होता.

हात लावून बघितला. पूर्ण उघडून थोडासा मागं घेतलेला. ती मल्लेशची पद्धत होती. मी कधी मागं घेत नाही.

विसरलो असेन, म्हटलं. माणूस एकटा राहिला की हात काय करतात त्याचा पत्ता लागत नाही. बंद केला, हवा सोडली, आणि खडूनं व्हॉल्व्हच्या मुठीवरून खालच्या पितळेपर्यंत एक सरळ रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी रेघेचे दोन तुकडे झाले होते. वरचा अर्धा भाग मागच्या बाजूला गेला होता.

शटरची किल्ली एकच, ती माझ्या उशाशी. मग मी मिलवर आळ घेतला. दिवसभराच्या थरथरीनं नट ढिले होतात, तशी मूठही फिरत असेल. दिवसभर मी हेच स्वतःला सांगून राहिलो. पण थरथरीनं एखादी गोष्ट फिरली तर ती एकाच दिशेला फिरत जाते. पूर्ण उघडून, मग आठवणीनं थोडी मागं घेत नाही.

तिसऱ्या दिवशी जाकिटाचा डावा पट्टा आवळलेला होता. तो मी कायम ढिला ठेवतो. मल्लेश रोज तपासताना तो ओढून आवळायचा आणि मी पुन्हा ढिला करायचो.

३

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारी दीडच्या सुमारास लाईट गेली. दोन्ही मिल एकदम थांबल्या. त्या गाळ्यात दिवसा शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. पत्र्यावर कबुतरं चालत होती, तेवढाच आवाज.

मग दुसरा आवाज आला. बारीक. हवा ओढल्याचा, आणि थोडं थांबून सोडल्याचा.

मी खाटेवर बसून होतो. पुढच्या भागात शटरच्या फटीतून उजेडाची एक पट्टी येत होती आणि ती बरोबर गेजवर पडली होती. काटा एकशेनव्वदवरून एकशेतीसला आला. थांबला. पुन्हा एकशेनव्वदला गेला. पुन्हा एकशेतीस.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला तर श्वास घेताना काटा हलत नाही. अर्धवट उघडा असला तर प्रत्येक श्वासाला काटा खाली येतो आणि श्वास सोडला की वर जातो. वर, जमिनीवर, माणसाला काही जाणवत नाही. खोल पाण्यात गेल्यावर छातीला जास्त हवा लागते आणि तेवढी येत नाही. म्हणून तपासताना काट्यावर नजर ठेवून दोन श्वास घ्यायचे असतात. हे मी पोरांना शिकवतो. अग्निशमन दलाच्या पोरांना नांदेडला जाऊन शिकवलेलं आहे.

मी मोजलं. चार, दोन, सहा.

रेग्युलेटर खुंटीला टांगलेलं होतं. त्याच्या रबरी तोंडाशी कुणी नव्हतं. मी जवळ गेलो. नळी तापली असेल, आत कुठं तरी हवा झिरपत असेल, असं म्हणत गेलो. झिरपणारी हवा थांबून थांबून झिरपत नाही, हेही कळत होतं. हात व्हॉल्व्हवर ठेवला. तो उघडायला हवा होता. आतापर्यंत जे काही शिकलो ते हेच सांगत होतं. पण मला तो आवाज बंद व्हायला हवा होता, म्हणून मी मूठ उलटी फिरवून व्हॉल्व्ह बंद केला.

पुढचा श्वास ओढला गेला आणि काटा शंभरावर आला. सोडला गेला, पण काटा वर गेला नाही. त्यानंतरच्या श्वासाला साठ, मग वीस. हे श्वास लांब नव्हते, घाईघाईचे होते. मग काटा शून्याला टेकला आणि रबराचं ते तोंड आतल्या आत ओढलं गेलं, आणि तसंच राहिलं.

लाईट आली. मिल सुरू झाल्या. मी तिथंच जमिनीवर बसलो. हात व्हॉल्व्हवरच होता.

४

ऑक्टोबरमध्ये काय झालं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते असं की मल्लेश जाळी साफ करत होता, दोर अडकला, तो घाबरला.

मल्लेश कधी घाबरत नसे.

तलावात, काठापासून आत, सिमेंटचा एक गोल मनोरा आहे. त्याला जॅकवेल म्हणतात. वर मोटारींची खोली, खाली पाण्यात जाळी, जाळीतून पाणी आत येतं आणि मोटारी ते शहराकडे ढकलतात. काठावरून मनोऱ्यापर्यंत अरुंद पूल. पावसाळा सरला की जाळीवर कचरा, शेवाळ, कोळ्यांची फाटकी जाळी बसतात. त्या दिवशी सकाळचे अकरा वाजत आले होते. मल्लेश उतरणार होता, मी दोर धरणार होतो. त्यानं व्हॉल्व्ह थोडा उघडून हवेचा आवाज ऐकला, तेवढ्यात मोटारी बघणाऱ्या ईश्वरप्पांनी स्विच बंद केल्याचं दाखवायला हाक मारली, आणि व्हॉल्व्ह तसाच सोडून तो गेला. परत आला आणि माझ्यासमोर हात पसरून उभा राहिला. तपास, म्हणून.

जाकीट, पट्टा, बकलं मी नीट केलं. मग फोन वाजला. अर्शियाचा. कॉलेजला न्यायला ऑटो आला नाही, आता काय करू, एवढंच. फोन कानाशी धरून मी दुसऱ्या हातानं मल्लेशच्या सिलिंडरच्या पोटावर दोनदा थोपटलं आणि म्हणालो, "हवा ठीक."

त्यानं ऐकलं. माझ्यावर विश्वास ठेवला. उतरला.

दोराला तीन झटके आले तर वर ओढायचं. तीन झटके आले तेव्हा मी ओढलं, तर दोर जाळीत अडकलेला. मी सामान चढवून खाली जाईपर्यंत चार मिनिटं गेली. वर आणल्यावर त्याचं जाकीट काढताना माझा हात आपोआप व्हॉल्व्हवर गेला. पाव फेराच उघडा होता. मी तो पूर्ण उघडला. का उघडला ते अजून मला सांगता येत नाही. त्याला हवा मिळावी म्हणून, असं एकदा वाटतं. नंतर लिहून घेणाऱ्यांनी लिहिलं, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, सिलिंडरमध्ये भरपूर हवा. डॉक्टर म्हणाले फुप्फुसात पाणी. मला कुणी काही विचारलं नाही.

५

एप्रिलच्या मध्यावर नांदेडच्या ऑफिसातून मंजुषा मॅडमचा फोन आला. कामं त्याच वाटून देतात.

"अकरमभाई, त्याच जॅकवेलची जाळी परत तुंबलीय. पाणी निम्म्यावर आलंय. दुसरा माणूस सोमवारी मिळतोय. तोवर थांबता का?"

"आज कोण वार?"

"बुधवार. एकट्यानं उतरू नका, मी सांगून राहिले."

"ईश्वरप्पा दोर धरतील," मी म्हणालो. "दिवसाचं काम हाय. तासाभराचं."

मग म्हणाल्या, "तुमची मर्जी. पण सामान नीट बघून घ्या."

पाणी कमी होतं हे खरं होतं. गावात टँकर फिरू लागले होते. पण मी त्यासाठी गेलो नाही. त्या दुपारनंतर गाळ्यात पुन्हा काही झालं नव्हतं. काटा रोज शून्यावर, खडूची रेघ सरळ, डावा पट्टा ढिला. बारा दिवस मी त्या शांततेत राहिलो आणि मला ती सोसवेना. आवाज होता तेव्हा भीती वाटत होती, पण खोलीत आपण सोडून काही तरी आहे एवढं तरी होतं.

६

ईश्वरप्पांनी मोटारी बंद केल्या, स्विचच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. साठीला आलेला माणूस, शर्टाच्या खिशात जपमाळ. त्यांच्या समोर मी पाच जागा तपासल्या. हवा तीनदा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, काट्यावर नजर ठेवून चार श्वास. काटा हलला नाही.

"दर मिनिटाला एक झटका देईन," मी सांगितलं. "तीन दिले तर ओढा."

"हाव. बिनघोर जा," ते म्हणाले.

वरची दोन मीटर पाणी हिरवं होतं, मग तपकिरी, मग काहीच नाही. टॉर्चचा उजेड हातभर जाऊन विरत होता. जाळी हाताला लागली. गजाच्या चौकटी, प्रत्येकीत जेमतेम हात जाईल एवढी जागा. मी खरवडायला लागलो. शेवाळ निघत होतं, चिंध्या निघत होत्या. दर मिनिटाला एक झटका देत होतो. कामात मन लागलं. कितीतरी महिन्यांनी मला बरं वाटत होतं.

मग माझा डावा पट्टा आवळला गेला.

जाळीत अडकला असेल म्हणून मी मागं सरकलो. पट्टा सुटा होता, पण आवळलेला. कमरेच्या शिशाच्या पट्ट्यावर एक बोट टेकलं आणि बकल जागच्या जागी दाबलं. मग छातीवरचं बकल. मग पोटावरचं. घाई नव्हती. प्रत्येक जागी जेवढा वेळ लागतो तेवढाच लागत होता. मी हललो नाही. मला हलता आलं नाही असं नाही. तपासणी चालू असताना हलायचं नसतं.

मग सिलिंडरच्या पोटावर दोनदा थोपटल्याचं मला पाठीतून जाणवलं. टप, टप.

व्हॉल्व्ह वर असतो. तिथं काही लागलं नाही. फक्त खाली, पोटावर, फोनवर बोलणारा माणूस घाईत थोपटतो तसं. ते थोपटणं जगात दोघांनाच ठाऊक होतं.

शेवटी मास्कच्या काचेवर दोन बोटं टेकली.

पुढचा श्वास अर्धाच आला. मी गेज डोळ्यांसमोर धरलं. काटा एकशेसाठवरून सत्तरला येत होता आणि पुन्हा वर जात होता. मी हात डोक्यामागं नेला. जाकीट उचललं, खांदा वाकवला, बोटं पुरेनात. पुन्हा वाकवला. त्याला हेच करावं लागलं असणार. तेव्हा त्याच्या अंगाभोवती दोर गुंतला होता. बोटं मुठीला लागली. पाव फेराच उघडी होती. मी ती पूर्ण फिरवली आणि हवा आली.

टॉर्च जाळीकडे वळला होता. जाळीच्या आतल्या बाजूला, जिथं माणूस जाऊच शकत नाही, तिथं गजांच्या मध्ये एक हात होता. मनगटापर्यंतच दिसत होता. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केलेला. आम्ही पाण्याखाली बोलतो ती खूण. ठीक आहे का, असं विचारायची. समोरच्यानं तीच खूण करायची असते.

माझा हात अर्ध्यावर उठला. पुन्हा एकदा ठीक म्हणणं माझ्यानं होईना. मी तळहात आडवा धरून हलवला. ठीक नाही.

तो हात थोडा वेळ तसाच राहिला. मग बोटं सुटली आणि तो मागं गेला.

७

वर आल्यावर मी मास्क काढला. ईश्वरप्पांनी दोर गुंडाळला.

"झालं का काम?"

"निम्मं."

"बेस चाललंय म्हणलं मी. मिनिटाला एक, मिनिटाला एक. शेवटपतोर चुकला न्हाई झटका."

पट्टा आवळला गेल्यानंतर मी दोराला हात लावला नव्हता. पुलावर उन्हात बसून मी बूट काढले. म्हटलं, भीतीनं माणूस नकळत दोर ओढतो. खोल पाण्यात डोकं भ्रमतं, हे पुस्तकातही लिहिलेलं असतं. पण ते तीस मीटरच्या खाली. मी नऊ मीटरवर होतो.

"उदगीरची गाडी कितीला हाय?" मी विचारलं.

८

शिवगंगावहिनी मल्लेशची बायको. तिचं घर उदगीरला रेल्वे स्टेशनच्या बाजूला. दोन खोल्या. ती बाहेरच्या खोलीत शिलाई करते. मूलबाळ नाही. दुपारचे तीन वाजले होते, लाईट नव्हती, आणि ती पायानं मशीन चालवत होती.

"या अकरमभाऊ," ती म्हणाली. उठली नाही. "लई दिवसांनी आलात."

मी सतरंजीवर बसलो. मशीन मागच्या वेळी खिडकीपाशी होतं, उजेडाला. आता ते खोलीच्या मध्ये होतं आणि तिचं तोंड आतल्या दाराकडे होतं. तिथं अंधारात ती सुईत दोरा कशी ओवत असेल, असं वाटलं.

आतल्या दाराला जुन्या साडीचा पडदा होता. पडदा हळूच आत ओढला गेला, दाराच्या चौकटीला चिकटला, थांबला, आणि मग सावकाश बाहेर फुगला. वारा नव्हता. खिडकीतली तुळस हलत नव्हती. पडदा पुन्हा आत गेला.

मी न ठरवता मोजलं. चार, दोन, सहा.

वहिनीनं मशीन थांबवलं. "तुम्हाला बी दिसून राहिलं व्हय," ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. "दिवाळीपासून हाय. आदी आठ दिवस मी शेजारी झोपले. मग म्हणलं, आपलंच माणूस हाय. दुपारचं आत निजतात. मी हितं बसते."

"आत गेलात कधी?"

"न्हाई. पडदा सारला तर काय असंल, काय नसंल. आवाज हाय तेवढा बास." तिनं कापड सारखं केलं. "तुम्ही काही बोलू नका भाऊ. याच्यावर बोललं की जाईल असं वाटतं मला. चहा ठेवते."

त्या वेळी मी उठायला पाहिजे होतं. चहा घेऊन, बरं आहे म्हणून, चारच्या नाहीतर पाचच्या गाडीनं परत. पण पाण्यातला तो हात मला दिसत होता, आणि सहा महिने जे छातीत धरलं होतं ते माझ्यानं आता धरवत नव्हतं.

"वहिनी, मी त्याची हवा तपासली नव्हती."

ती कोपऱ्यातल्या स्टोव्हकडे निघाली होती, थांबली.

मी सगळं सांगितलं. फोन, थोपटणं, चार मिनिटं, पाव फेरा, नंतर मी उघडलेला व्हॉल्व्ह. काही वगळलं नाही. बोलताना मी पडद्याकडे बघत होतो. "मी हवा ठीक म्हणालो, आणि ती ठीक नव्हती," असं म्हटलं तेव्हा पडदा आत ओढला जात होता. तो ओढला जात राहिला. चार झाले, सहा झाले, दहा झाले. कापड ताणलं गेलं, वरच्या दोरीचे खिळे कुरकुरले. ताणलेल्या कापडात पलीकडून दोन खांदे उमटले आणि त्यांच्या मध्ये खाली घातलेलं डोकं.

मग पडदा सुटला आणि सरळ खाली पडून राहिला. पुन्हा हलला नाही.

आम्ही दोघं बघत होतो. पाच मिनिटं झाली असतील, जास्तही असतील. स्टेशनात गाडी आली आणि गेली.

वहिनी पडद्यापाशी गेली. तो सारला. आत एक खाट होती, तिच्यावर घडी केलेली गोधडी, आणि भिंतीला टेकवलेलं पत्र्याचं कपाट. बाकी काही नव्हतं. ती उंबऱ्यातच उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून.

"चार मिनिटं म्हणलात न्हवं," ती म्हणाली.

"हाव."

"मी तवा ज्वारी निवडत होते." तिनं पडदा हातात गोळा केला. "तुम्ही सांगितलं ते बरं केलं. पोलिसात सांगा, सांगायचं तर. पण भाऊ, तुमचं मन मोकळं झालं. मी आता कुणासंगं राहू?"

९

मी पोलिसात लिहून दिलं. चौकशी चालू आहे. ठेकेदारानं माझं पाण्यात उतरणं बंद केलं. गाळा सांभाळायला ठेवलं आहे. नवे दोघे आले आहेत, काम असलं की ते सकाळी येऊन सामान नेतात आणि संध्याकाळी आणून ठेवतात. नेण्याआधी मी त्यांना समोरासमोर उभं करतो आणि पाचही जागा हात लावून घेतो. फोन दाराबाहेर ठेवायला लावतो. ते चिडतात, पण करतात. हुसेनबीला मी सगळं सांगितलं. अर्शियाला कधी कळू देऊ नका, एवढंच म्हणाली.

काटा शून्यावर असतो. लाईट गेली आणि मिल थांबल्या की मी जाऊन गेजसमोर बसतो. काही होत नाही.

शुक्रवारी दुपारी शिवगंगावहिनीचा फोन येतो. पहिल्यांदा आला तेव्हा तिनं नाव, गाव काही घेतलं नाही. सरळ विचारलं, "तिकडं आले का?"

"न्हाई वहिनी."

ती थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवते. मशीनचा आवाज येत नाही. मग ठेवते. मे महिना गेला, जून गेला. दर शुक्रवारी तेच विचारते आणि मी तेच सांगतो. तिचा आवाज दर खेपेला थोडा बारीक होत चालला आहे. तिची शेजारीण सांगत होती, शिलाई बंद केली आहे, खाणंही कमी.

गेल्या शुक्रवारी तिनं विचारलं, "तिकडं आले का?"

मी खोलीत बघितलं. खुंटीवर जाकिटं होती. भुसा बसला होता.

"हाव," मी म्हणालो.

मग तिनं विचारलं, "बरे हायत का?"

"बरे हायत."

"मग त्यांना म्हणावं, घरी या. पडदा धुऊन लावलाय."

"सांगतो," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

मग उठून शटर खाली ओढलं, गाळ्याच्या मध्ये उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं. मल्लेश, वहिनी वाट बघून राहिली, घरी जा. दोन्ही बाजूंच्या मिल चालू होत्या. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. मिल थांबेपर्यंत सांगत राहिलो.